शहागडच्या गोदामातलं विमान

भर वैशाखात, वीज गेलेली, वारा पडलेला, अशा वेळी गोधडी ओढून घ्यावी अशी थंडी तुम्हाला कधी वाजली आहे का? मला वाजली आहे. ती कुठली थंडी होती ते सांगते. कंदील जरा जवळ सरकवा, म्हणजे तुमचे चेहरे दिसतील मला.

शहाण्णव साल असेल. मी तेव्हा तीर्थपुरीला सासूबाईंजवळ राहत होते. आमचे मालक हवाई दलात होते. वैमानिक नव्हते. मालवाहू विमानात त्यांचं काम असे. बर्फाच्या डोंगरांत जवानांची ठाणी असतात, तिथं रस्ता नसतो. रेशनची पोती वरूनच टाकावी लागतात. विमानाचं दार उघडं ठेवून, कमरेला पट्टा बांधून हे पोती ढकलायचे. शहाण्णवच्या तेरा वर्षं आधी, एके दिवशी एक पोतं दारात अडकलं. त्यांनी पायानं जोर लावला आणि पोत्याबरोबर तेही गेले. पट्टा तुटला की सुटला, कुणी नक्की सांगितलं नाही. खाली नुसता बर्फ. फार शोधलं म्हणतात. आमच्याकडं त्यांची पेटी आली. कपडे होते, दाढीचं सामान होतं. माणूस आला नाही.

माणसाचं शरीर मिळालं नाही तर पिठाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. भटजींनी तसं सांगितलं तेव्हा सासूबाई उठून उभ्या राहिल्या. गिरिजाबाई त्यांचं नाव, मी त्यांना आत्याबाई म्हणायचे.

"माझ्या लेकराला पिठाचं करता का?" त्या म्हणाल्या. "आधी घरी आणीन त्याला. मंग काय जाळायचं ते जाळा."

आमच्या भावकीत तशी रीत आहे. कुणी परगावी गेलं, वाटेत गेलं, विहिरीत गेलं, तर घरचं माणूस त्या जागेवर जातं. जिथं त्याचा शेवटचा पाय टेकला होता तिथं उभं राहून हाक मारायची, चल घरी म्हणायचं, आणि निघायचं. मागं बघायचं नाही. वाटेत कुणाशी बोलायचं नाही. उंबऱ्यावर पाणी घातलं की तो घरात आला. मग पुढचं कार्य करायला मोकळे.

पण ह्यांचा शेवटचा पाय टेकला होता तो एका विमानाच्या पत्र्यावर, आभाळात. ते कुठून आणायचं?

घर तसंच अडकून पडलं. आत्याबाईंनी माझ्या बांगड्या फोडू दिल्या नाहीत. रात्री दाराला कडी लावू दिली नाही. हळदीकुंकवाला बायका मला बोलवत नसत, आणि माझ्यासमोर विधवा म्हणायलाही कचरत. मी दोन्हीकडची नव्हते. बारा-तेरा वर्षांत आत्याबाईंची नजर गेली, पाय गेले, पण पाऊल वाजलं की मान दाराकडं वळायची.

हसनाबादचे बद्रीनाथ भाऊजी त्याच विमानावर मेकॅनिक होते. सेवेतून सुटल्यावर त्यांनी ते विमान शोधायचं मनावर घेतलं. ती जुनी विमानं तोवर मोडीत निघाली होती. कुणी सांगायचं, उत्तरेत एका धावपट्टीच्या कडेला गवतात उभं आहे. कुणी सांगायचं, भंगारवाल्याच्या आवारात आहे. भाऊजी जायचे, आणि ते दुसरंच निघायचं. शेवटी ते सापडलं कुठं, तर आमच्या दाराशी. जालन्याच्या एका व्यापाऱ्यानं भट्टीसाठी ते लिलावात घेतलं होतं. मग भागीदारांची कोर्टकचेरी लागली, आणि निकाल होईपर्यंत विमान शहागडजवळच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात ठेवून दिलं होतं.

भाऊजी आले ते भर दुपारी, घामानं भिजलेले.

"वहिनी, घावलं. बराबर तेच हाय. दाराजवळचं ठिगळ म्याच मारलेलं हाय, हातानं चाचपून आलो." मग आवाज खाली आला. "पर भागीदारांचं मिटलं. उद्या गॅसकटरवाले येऊन राह्यलेत. जायचं तर आजच."

आत्याबाई भिंतीला धरून उठल्या आणि तिथंच बसल्या. पायांनी साथ दिली नाही. त्यांनी माझा हात शोधून घट्ट धरला.

"कौसल्या, तू जा. माझ्या संपतला घेऊन ये."

शहागडला उतरलो तेव्हा दिवस कलला होता. हायवेवरून ट्रक धडधडत होते. गोदाम आत, बाभळींच्या मागं. राखणदार कारभारी बाजेवर बसून टरबूज खात होता.

"इमान बघायला आले का? या, या. गेल्या साली एका नवरानवरीला पंखावर बसवून फोटू काढला. म्हणलं, हितूनच फिरायला जा, खर्चा वाचंल!" तो स्वतःच हसला. भाऊजींनी कशासाठी आलो ते सांगितल्यावर त्यानं टरबुजाची फोड खाली ठेवली आणि हात धोतराला पुसले.

"जा आत. म्या दारापास्तोर येतो. म्होरं न्हाई येणार."

"का?"

"गार हाय लई," तो एवढंच म्हणाला.

गोदामाचं दार ढकललं तसा सरकीचा जुना, खवट वास आला. त्यात वटवाघळांचा वास, आणि त्याच्याही खाली ग्रीसचा. ह्यांच्या सुटीतल्या कपड्यांना यायचा तसा. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या बारीक काड्या आत आल्या होत्या. पंख काढून भिंतीला टेकवलेले. मधोमध विमानाचं नुसतं पोट, मोठ्या जनावरासारखं बसलेलं. बाजूला दाराची काळी चौकट.

"हितंच उभा राहायचा संपत," भाऊजी म्हणाले. त्यांनी टोपी काढली. "वहिनी, एक सांगतो. जाताना आम्ही पोती न्यायचो, अन् येताना पुढच्या धावपट्टीवर उतरून आजारी जवान आणायचो. वरच्या हवेत छाती भरायची त्यांची. बाकड्यावर बसवायचो, पट्टे बांधायचो. समदेच... खाली पोचेपर्यंत राहायचे न्हाईत. तुमाला भ्याव वाटंल म्हून सांगतो."

भीती वाटली नाही मला. तेरा वर्षांत भीतीला जागाच कुठं उरली होती?

मी आत चढले. एकटीच. घरच्या माणसानंच जायचं असतं.

आत पाऊल टाकलं आणि घाम अंगावरच गार झाला. माझा श्वास मला दिसला, पांढरा. दोन्ही बाजूंनी कापडी बाकडी, त्यांचे पट्टे खाली लोंबत होते. बाहेर हायवे होता, पण त्याचा आवाज आत येत नव्हता. दुसरा एक आवाज होता. फार हळू. छातीत कफ दाटलेला माणूस झोपेत श्वास घेतो तसा... इकडून एक, तिकडून एक.

मी दाराजवळ खाली बसले. पत्र्यावर हात ठेवला. जिथं त्यांचा पाय असेल तिथं. सांगायचं खूप होतं. आत्याबाईंचे डोळे गेले, म्हैस विकली, तुमचा सदरा मी अजून दर दिवाळीला धुते. त्यातलं एकही तोंडातून निघेना.

"अहो..." मी म्हणाले. "अहो, चला घरी. आत्याबाई वाट बघतायत."

श्वास थांबले.

मग एका बाकड्याचं कापड करकरलं, बसलेला माणूस उठावा तसं. मग दुसऱ्याचं. मग ओळीनं सगळ्यांचं. पट्टे पत्र्यावर हलकेच आपटले.

मागं बघायचं नव्हतं. मी उठले आणि दारातून उतरायला पाय खाली सोडला. तेवढ्यात माझ्या कोपराला कुणीतरी आधार दिला. बाईमाणसाला गाडीतून उतरवताना देतात तसा, जपून. तो हात मी कुठंही ओळखला असता. माझे डोळे वाहायला लागले, पण मी मागं पाहिलं नाही. जमिनीवर पाय टेकले, आणि तो हात सुटला.

येतायत ते, मला वाटलं.

बाहेर कारभारी मला वाट देता देता पार बाभळीपर्यंत मागं सरकत गेला.

एस.टी.त खिडकीतून गरम झळ येत होती, तरी मागच्या बाकावरची म्हातारी म्हणाली, "खिडक्या लावा गं बायांनो, काय गारठा सुटलाय." कंडक्टर माझ्यापुढं येऊन उभा राहिला. मी बोलले नाही.

"मुकी हाय का बाई?"

"तीर्थपुरी, दोन द्या," भाऊजी म्हणाले.

"दोनच? अन् तुमच्यामागं चढले ते फौजी? का त्यांचा पास हाय?"

भाऊजींना वळून बघायला मनाई नव्हती. त्यांनी बघितलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. आधी त्यांनी नजरेनं कुणाला तरी शोधलं. मग पुन्हा शोधलं.

"मागं कुणी न्हाई, मास्तर," ते फार हळू म्हणाले.

"मस्करी करता का राव..." म्हणत कंडक्टरनं मान उंचावली. मग तो तीर्थपुरी येईपर्यंत ड्रायव्हरजवळ जाऊन उभा राहिला.

आणि मी काय करत होते सांगू? मी आनंदात होते. नव्या नवरीसारखी पदर सावरून बसले होते.

गावात वीज गेली होती. आत्याबाई दारात बसल्या होत्या, शेजारी कंदील, हातात तांब्या. त्यांना कंदिलाचा काय उपयोग? पण त्याला दिसावं म्हणून लावला होता. मी उंबरा ओलांडून आत गेले. त्यांनी पाणी घातलं.

"ये रे माझ्या राजा. ये..."

त्यांचा चेहरा उजळला. मग त्या भिंतीकडं सरकल्या, कुणाला तरी वाट दिल्यासारख्या. मग आणखी सरकल्या. पायरीवर सांडलेल्या पाण्यात त्यांनी हात फिरवला आणि चटका बसावा तसा मागं घेतला.

"किती गारठलेत रे पाय तुमचे..." त्या पुटपुटल्या. मग मान वर केली. "कौसल्या, कोण कोण आणलंस?"

मी पहिल्यांदाच मागं वळले. दारात कुणी नव्हतं. फक्त भाऊजी अंगणात, टोपी हातात धरून, खाली बघत उभे.

"संपत न्हाई ह्यांच्यात," आत्याबाई म्हणाल्या. "एक बी माझा न्हाई. काय म्हणून हाक मारलीस गं?"

मी सांगितलं. अहो, चला घरी. तसंच म्हणाले.

त्यांनी तांब्या खाली ठेवला. आमच्याकडं बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नापासून मी ते कधी घेतलं नव्हतं, आणि तिथंही जीभ वळली नव्हती. रीत सांगताना हे त्यांनाही सुचलं नाही, मलाही नाही. त्या स्वतः गेल्या असत्या, तर आईनं नावानंच हाक मारली असती. आणि त्या बाकड्यांवर बसलेल्यांना इतक्या वर्षांत कुणीच घरी बोलावलं नव्हतं. मी बोलावलं. ते उठले.

"तो सगळ्यांना उतरवत बसला असंल," आत्याबाई म्हणाल्या. "लहानपणापासून तसाच."

त्यांनी मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "ही बी कुणाची तरी लेकरंच. पीठ काढ. इतक्या लांबून आलीत, उपाशी कशी निजवू?"

रात्री शहागडला परत जायला गाडी नव्हती. भाऊजी हायवेकडं जाणारं वाहन बघायला दोनदा बाहेर जाऊन आले. मी भाकऱ्या थापत राहिले आणि आत्याबाई सरकत सरकत त्या मधल्या खोलीत नेऊन ठेवत राहिल्या. त्या रात्री वैशाखात आम्ही गोधड्या घेतल्या. ते फौजी नंतर गेले की नाही, मला माहीत नाही. आता आत्याबाईही नाहीत. त्या खोलीत पाणी गार करायला माठ लागत नाही, एवढं मात्र आहे.

सकाळी पहिल्या गाडीनं मी आणि भाऊजी शहागडला पोचलो. ऊन चढायच्या आत काम उरकावं म्हणून कटरवाले अंधारातच लागले होते. दाराकडचा भाग पहिल्या ट्रकवर चढला होता, आणि तो ट्रक फाटकातून बाहेर पडत होता. मी धावले. माझी चप्पल सुटली, पदर सुटला. साऱ्या माणसांसमोर मी त्यांचं नाव घेतलं. "संपत! संपतराव, चला घरी!" तोवर ट्रक हायवेला लागला होता. वरच्या पत्र्यांच्या ढिगातून ओ आली. साधीच, कामात असलेला माणूस देतो तशी. भाऊजींनी ऐकली, कारभारीनं ऐकली. ट्रक थांबला नाही. त्या सकाळीच तो माल जालन्याला भट्टीत गेला.