सील शाबूत

कोर्टाच्या जिन्यात दोघांची टक्कर झाली, ती तिच्याच घाईमुळे. ती गुन्हे आणि कोर्टाच्या बातम्या देणारी, पायाला भिंगरी बांधलेली बातमीदार. तो मुद्देमालाचा कारकून, खटल्यांतले पुरावे सांभाळणारा. लाखेनं सील केलेली त्याची गाठोडी पायऱ्यांवरून घरंगळत गेली.

"हे... छापू नका हं," तो कानापर्यंत लाल होत म्हणाला.

"असं आधी सांगायचं असतं. नंतर सांगितलेलं आमच्याकडे चालत नाही!"

"बरं, पुढच्या वेळी पडायच्या आधी सांगेन."

ती हसली, आणि तिथेच फसली. मग रोज चार वाजता कोर्टामागच्या बाकावर चहा सुरू झाला. तो गंभीर चेहरा करून म्हणायचा, "छापायचं नाही — आज तू छान दिसतेयस." पाऊस भुरभुरला की छत्री तिच्याकडे कलती धरायचा आणि स्वतः भिजायचा. "साधा आहे गं," तिनं घरी सांगितलं. "साधी माणसंच जड जातात," आई म्हणाली.

एका गुरुवारी चहा निवला तरी तो बोलेना. तिनं त्याचा हात हातात घेतला, तेव्हा कुठे त्याचा बांध फुटला.

"त्या ड्रायव्हरवर खुनाचा खटला आहे ना... त्यातल्या रक्ताच्या शर्टाचं सील आधीच तुटलेलं होतं. साहेब म्हणाले, नवं लाव. मी लावलं. वर 'सील शाबूत' लिहून सही ठोकली. मंगळवारी निकाल आहे गं..."

या वेळी 'छापायचं नाही' असं तो म्हणाला नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तिच्यातल्या बातमीदारानं तेवढं बरोबर टिपलं. एक माणूस त्या शर्टापायी जन्मठेपेला निघाला होता. छापू का, असं याला विचारावं का? आणि नाही म्हणाला तर? त्या धास्तीनं तिनं विचारलंच नाही.

शनिवारी पहिल्या पानावर बातमी झळकली. त्याचं नाव नव्हतं, पण मुद्देमालाच्या खोलीची किल्ली एकाच माणसाकडे होती. निकाल थांबला. ड्रायव्हरची आई तिच्या गळ्यात पडून रडली, संपादकांनी पाठ थोपटली. साहेबांनी हात झटकले आणि कारकून निलंबित झाला.

आठवड्यानं तो तिच्या ऑफिसच्या फाटकाशी आला. दाढी वाढलेली.

"बातमी बरोबर होती," तो म्हणाला. "एक अक्षर चुकलं नाहीस."

"रागाव तरी माझ्यावर!"

"न्यायाधीश सोमवारी रजेवरून येणार होते. मी स्वतः जाऊन सांगणार होतो, नावानिशी. अर्जही लिहिला होता... आधी तुला वाचून दाखवणार होतो. पण तू हात धरलास. म्हटलं, आजचा दिवस राहू दे."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं. आता तो अर्ज कोण खरा मानेल? म्हणतील, पकडला गेल्यावर लिहिला. बाबांनीसुद्धा तेच म्हटलं."

"माझं प्रेम आहे तुझ्यावर," ती पहिल्यांदाच म्हणाली.

"माहीत आहे गं. माझंही आहे. पण यापुढे तुझ्याशी जपून बोलावं लागेल... आणि घरच्या माणसाशी जपून किती दिवस बोलणार?"

तो रस्ता ओलांडून गेला. तिनं हाक मारली नाही. कुठल्या तोंडानं मारणार होती!