कप्तान नावाचं मांजर

"बा दर्यावर, मी बाजारात, तू घरात एकटी. हे कुनाला सांगाचं नाय! समजला का?"

मासळीची टोपली डोक्यावर घेता घेता आईनं सकाळी हे इतक्यांदा बजावलं होतं की दीपिकाच्या कानात अजून तेच घुमत होतं. तिनं देवापुढं हात जोडून कबूलही केलं होतं, "नाय सांगणार!"

आता दुपार झाली होती. दांडीतल्या घराच्या ओट्यावर ती, तिच्या वर्गातला स्वराज आणि दिवाळीच्या सुट्टीत सफाळ्याहून आलेला मामेभाऊ कमलेश आकाशकंदील चिकटवत होते. कंदिलापेक्षा कमलेशची बोटंच जास्त चिकटली होती. एवढ्यात दारात मोटारसायकल थांबली.

"तूच दीपिका ना? सातवी ब! चित्रकलेत पहिली!" हेल्मेटवाला माणूस हसला. "बाबा बोटीवर, आई बोईसरच्या बाजारात, तीनपर्यंत तू एकटी. बरोबर? आणि कप्तान कुठंय?"

"कोण कप्तान?" कमलेश म्हणाला.

"हिचं मांजर रे! लाडकं!"

दीपिकाचा चेहरा खर्रकन उतरला. त्या माणसानं बोईसरच्या कुठल्याशा क्लासची पत्रकं तिच्या हातात कोंबली आणि धूळ उडवत तो निघून गेला.

शेजारच्या लाडकीकाकूंनी सगळं ऐकलं होतं. तीन वाजता आईची टोपली खाली उतरायच्या आत बातमी तिच्यापर्यंत पोचली!

"सगल्या दुनियेला सांगत फिरतंस?" आई कडाडली. "उद्या पयल्या एसटीनं सफाल्याला जायाचा, मामीकडं! शाला उघडंपर्यंत तिकडंच रवायचा!"

"आई, मी नाय गं सांगितलं!"

"मंग त्याला काय सपान पडला?"

दीपिका डोळे पुसत ओट्यामागं जाऊन बसली. सुट्टी बुडाली त्याचं एवढं नाही, पण देवापुढं दिलेला शब्द मोडल्याचा आळ!

"ए, पण कप्तान कोण?" स्वराजनं हळूच विचारलं. "तुझ्याकडं मांजर कुठंय?"

"नाहीच मुळी! 'माझा दिवस' निबंध पानभर होईना, म्हणून मी घातलं एक."

स्वराज ताडकन उठला.

"तो निबंध कुणाकुणाला दाखवलास?"

"कुणालाच नाही! फक्त एकनाथ सरांना दिला!"

स्वराज चिंचणीहून सायकलवर यायचा, म्हणून त्याच्या आईनं वाटेपुरता दिलेला फोन त्याच्या खिशात होता. त्यानं शाळेचं नेटवरचं पान उघडलं. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावावा, तसा एकनाथ सरांचा नेम होता. रोज एक 'आजचा तारा'! त्यात मुलाचा फोटो, पूर्ण नाव, वर्ग आणि अख्खा निबंध!

"हे कुणाला दिसतं?" कमलेशनं विचारलं.

"सगळ्यांना! चंद्रावर नेट असेल तर तिथंसुद्धा!"

"चला, सरांना सांगू."

"माझ्या ताईनं सांगून पाहिलं. 'कौतुकच तर करतोय, बाळ!' म्हणाले," स्वराजनं सांगितलं.

दीपिका पान खाली सरकवत होती. तिथं सरांचंही सगळं होतं. 'आमच्या सौंच्या चकल्या! निळ्या झाकणाचा डबा!' 'डावा गुडघा पुन्हा रुसला.' 'सुट्टीतही शाळेच्या कामात!'

तिचे डोळे चमकले. "कमलेश, सरांच्या घरी तुला कुणी ओळखत नाही ना?"

अर्ध्या तासानं कमलेश चिंचणीत सरांच्या दारात उभा होता. बाकी दोघं कुंपणाआड दबा धरून होते.

"काकू, सरांनी शाळेतून पाठवलंय. निळ्या झाकणाचा चकल्यांचा डबा मागितलाय. डावा गुडघा दुखतोय, स्वतः येत नाहीत."

"अगं बाई! परत डावाच का?" सरांच्या पत्नी इंदुबाई लगबगीनं आत गेल्या. डबा आणला, वर तेलाची बाटलीही दिली. "चोळून घ्या म्हणावं! तू किती गुणाचा रे! नाव काय तुझं?"

पण कमलेश केव्हाच पसार झाला होता!

शाळेत सर 'आजचा तारा' टाकायच्या बेतात होते. समोर डबा आला तसा त्यांचा चष्मा नाकावर घसरला.

"हा तर आमच्या घरचा डबा!"

"हो सर, अनोळखी मुलाच्या हातात दिला काकूंनी," दीपिका मान खाली घालून म्हणाली. "त्याला सगळं ठाऊक होतं ना! तुम्हीच लिहिलंय. आज आमच्या दारातही एक माणूस आला होता. त्यालाही सगळं ठाऊक होतं." तिनं मान वर केली. "तो पत्रकं देऊन गेला, सर. उद्या दुसरा कुणी आला तर?"

सरांनी डबा हळूच बाजूला ठेवला. मग फोन उचलून त्यांनी एकेक तारा पुसायला घेतला.

संध्याकाळी ते स्वतः दांडीला आले. "चूक माझी, ताई. पोरीनं तुमचा शब्द मोडला नाही. उलट तिच्या डोक्यामुळं शाळेतली सगळी मुलं वाचली!"

आईनं लेकीला जवळ ओढलं. "मीच उगा बोलले गं बाय! सफाल्याला नाय जायाचा."

मग कमलेशनं कप्तानचं गुपित फोडलं. "पण मांजर खोटं?" सर दचकले. "मी दहापैकी नऊ दिले होते!"

"आठ करा, सर!" दीपिका म्हणाली.

सगळे खदखदून हसले. निघताना मात्र सर गंभीर झाले. "ज्यांचे ज्यांचे निबंध टाकले, त्या प्रत्येकाच्या घरी जाऊन माफी मागेन," ते हळूच म्हणाले. "आणि मुलाला, आईबापाला विचारल्याशिवाय यापुढं एक अक्षर टाकणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी दीपिका अंगण झाडत होती. वळणावर सरांची स्कूटर थांबली. सरांनी फोन डिकीत ठेवला, कुलूप लावलं, खिशातून नावांची लांबलचक यादी काढली. मग डावा गुडघा सांभाळत, कुणाला हाक न मारता, ते वाळूतून पहिल्या घराकडं चालू लागले.