ब्याऐंशीचा झोकांक

कोल्हापूरच्या वार्धक्यक्रीडा प्रयोगशाळेत त्या सकाळी जे भांडण झालं, त्यात यंत्राचा काही दोष नव्हता. यंत्र बिचारं खरं तेच बोललं होतं.

"म्हणजे अकरा वर्षं मला भीक घातलीस होय?" पडद्यावरच्या आकड्यांकडे बोट दाखवत राजश्रीताई इंगवले म्हणाल्या.

समोर त्यांच्या वैनी, थोरल्या भावाची बायको भारती मगदूम, बुटाची नाडी बांधता बांधता तशाच थांबल्या. दोघीही बहात्तरच्या. ताई निवृत्त एसटी कंडक्टर, बसमध्ये माणूस तिकीट देत असे त्या काळातल्या. थांब्याचं नाव सोडून त्यांच्या तोंडून जादा शब्द निघाला तर घरचे दचकत. वैनींचं कपडे शिवायचं दुकान, आणि शिलाई मशीन बंद झालं तरी त्यांचं तोंड चालूच. रंकाळा तलावाभोवती दोन फेऱ्यांची 'साठीपुढची दौड' भरते, तीत अकरा वर्षं ताईंना सुवर्ण आणि वैनींना रौप्य. दोघी पहिल्यापासून शेवटपर्यंत खांद्याला खांदा लावून धावायच्या आणि अखेरच्या दोन पावलांत ताई पुढे निघायच्या. अख्ख्या पेठेला हे पाठ होतं.

यंदा मात्र दौडीचा नियम बदलला होता. तो प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. समीना मुजावर यांनी भांडणाच्या पाचच मिनिटं आधी नव्याने आलेल्या मेंदूशास्त्रज्ञ डॉ. हेरवाडे यांना समजावून सांगितला होता.

"या वयात नुसती वेळ मोजून काय करायचं? कुणाच्या छातीत नवी झडप, कुणाचे गुडघे कारखान्यातले. म्हणून दंडावर ही शक्तिपट्टी. रक्तातला प्राणवायू, स्नायूंतली साखर, हृदयाची ताकद, सगळं मोजते. अंगात होतं किती आणि त्यातलं झोकून दिलं किती, त्याचं शेकडा प्रमाण म्हणजे झोकांक. ज्याचा झोकांक मोठा, तो पहिला."

"आणि कुणी हातचं राखून धावलं तर?"

"पंच्याऐंशीच्या खाली आला की बाद."

मग हौसेनं डॉ. मुजावरांनी दोघींच्या मनगटी घड्याळांतल्या जुन्या नोंदी यंत्राला दिल्या. ताईंचा झोकांक दर वर्षी शहाण्णव, सत्त्याण्णव. वैनींचा ब्याऐंशी, ब्याऐंशी, परत ब्याऐंशी. वैनींच्या अंगात ताईंपेक्षा कितीतरी जास्त ताकद होती आणि ती एकदाही बाहेर आली नव्हती.

"मी राखून नाही धावले, ताई," वैनी म्हणाल्या.

"यंत्र खोटं बोलतंय?"

वैनी गप्प. आता वैनी गप्प म्हटल्यावर ताईंची खात्रीच पटली.

"यंदा माझ्या शेजारी धावायचं नाही. तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. अंगात आहे तेवढं सगळं लावून धाव. बारावं सुवर्ण मला माझ्या जिवावर पाहिजे, तुझ्या दयेवर नको."

तीन आठवडे नणंद-भावजय बोलल्या नाहीत. ताईंना वाईट वाटत होतं, पण राग जास्त होता. अकरा पदकं त्यांनी भिंतीवरून काढून ट्रंकेत टाकली. नवरा गेल्यावर स्वतःच्या कष्टानं मिळवलेलं एवढं एकच होतं, आणि तेही आता दुसऱ्याचं निघालं.

दौडीच्या चार दिवस आधी शक्तिपट्टी जुळवून घ्यायला ताई एकट्या प्रयोगशाळेत आल्या. फिरत्या पट्ट्यावर जीव तोडून धावल्या. झोकांक आला अठ्ठ्याऐंशी.

"यंत्र बिघडलंय तुमचं."

"यंत्र ठीक आहे," डॉ. हेरवाडे म्हणाले. "ताई, मेंदूत एक राखणदार असतो. शरीर संपायच्या कितीतरी आधीच तो पायांना म्हणतो, बास. उरलेलं कुलूप लावून ठेवतो. बहुतेक माणसं अठ्ठ्याऐंशी-नव्वदच्या आसपासच थांबतात. मला कोडं हे पडलंय, की तुमचा राखणदार दर वर्षी शर्यतीतच कसा झोपतो?"

डॉ. मुजावरांनी घड्याळातला मागच्या वर्षीचा आवाज लावला. श्वास मोजायला घड्याळ आवाज टिपून ठेवत असे. पावलांची धपधप, ताईंची धाप, आणि वैनी! शेजारणीचा जावई, ब्लाउजची बिघडलेली बाही, कुणाच्या बारशाला पेढे कमी पडले, सव्वा तास नुसती टकळी. पडद्यावर ताईंचा झोकांक त्या बोलण्याबरोबर चढत होता. वैनी पाणी प्यायला थांबल्या की खाली येत होता.

"शेजारचं माणूस निवांत गप्पा मारतंय, म्हणजे धोका नाही, असं समजून राखणदार कुलूप काढतो," हेरवाडे म्हणाले.

"मग ती स्वतः का मागे राहते?"

"फुप्फुसं दोन कामं एकदम करू शकत नाहीत. गप्पा मारत धावणाऱ्याचा झोकांक ब्याऐंशीच्या वर जाऊच शकत नाही. तुमच्या वैनी बरोब्बर त्या रेषेवर धावल्यात, अकराच्या अकरा वेळा."

डॉ. मुजावरांनी सर्वांत जुनी नोंद लावली. पहिली दौड, नवरा जाऊन तीन महिने झालेले. तलावाकाठच्या संध्यामठाजवळ थांबलेली पावलं. मग ताईंचा स्वतःचा, रडका आवाज: "वैनी, जीव घाबरतोय गं. तू बोलत राहा. तुझं बोलणं ऐकलं की दम लागल्याचं कळत नाही. थांबू नको."

ताई पट्ट्यावरच खाली बसल्या. हे त्या साफ विसरल्या होत्या. वैनी विसरल्या नव्हत्या, आणि एवढं भांडण होऊनही त्यांनी ते तोंडावर मारलं नव्हतं.

दौडीच्या सकाळी वैनी ठरल्याप्रमाणे दूर उभ्या राहिल्या. डॉक्टरांना धावताना सूचना देता याव्यात म्हणून प्रत्येकीच्या कानात ध्वनिमणी होता. त्यावरून स्पर्धकांनी आपापसांत बोलायलाही हरकत नव्हती. शिट्टी झाली. अर्ध्या फेरीत वैनी पन्नास पावलं पुढे गेल्या आणि तिथेच अडकल्या. वेग वाढेना.

तेवढ्यात कानात आवाज आला. "वैनी, ऐकतीस न्हवं?"

"धावताना बोलायचं नाही म्हणाला होता तुम्ही!"

"तू बोलू नकोस. मी बोलते."

आपण काय करतोय हे ताईंना पुरतं ठाऊक होतं. तोंड उघडलं की झोकांक ब्याऐंशी, म्हणजे बारावं सुवर्ण तर गेलंच, वर बाद. पण त्यांना बोलायची सवय कुठली? त्यांनी गगनबावड्याच्या गाडीचे थांबेच सांगायला घेतले. "बालिंगा. तिथं मास्तर चढायचे, सुट्टे कधी नसायचे. मग दोनवडे..." एकेका थांब्याला एकेक माणूस आठवत गेलं. पन्नास पावलांची शंभर झाली, शंभराची दोनशे. दुसऱ्या फेरीत तर तलावाच्या पलीकडच्या काठावर वैनींची पिवळी टोपी पळताना दिसली. "आगं आगं, नाद खुळा!" ताई ओरडल्या आणि बोलतच राहिल्या. "तर कळ्याला एक म्हातारी चढली, पिशवीत कोंबडी. साळवणच्या चढाला पिशवी सुटली, कोंबडी थेट ड्रायव्हरच्या डोक्यावर. आणि मग..."

वैनींनी शेवटची रेषा ओलांडली. नियमानुसार मणी बंद झाला.

अकरा मिनिटांनी ताई आल्या, तेव्हा कर्ण्यावरून पुकारा चालला होता. भारती मगदूम, झोकांक सत्त्याण्णव, सुवर्ण. राजश्री इंगवले, झोकांक ब्याऐंशी, राखून धावल्यामुळे बाद.

"राखलं कुठं ओ?" वैनी पंचांच्या अंगावर धावून गेल्या. "बोलण्यात घातलं ताईंनी सगळं!" मग वळून त्यांनी ताईंना घट्ट मिठी मारली. दोघींच्याही डोळ्यांत पाणी होतं. पंच पदक घेऊन मागे ताटकळत होते.

"पदक राहू द्या बाजूला. ताई, मग त्या कोंबडीचं काय झालं?"

ताईंनी दम खाल्ला, पदरानं तोंड पुसलं आणि खाली बघत म्हणाल्या, "कोंबडीबिंबडी काही नव्हती गं. थांबे संपत आले, आणि तू अजून पळतच होतीस. मग काय बोलू?"

"म्हणजे," वैनी म्हणाल्या, "मी खोट्या कोंबडीपायी सत्त्याण्णव काढले?"