रिकाम्या सीटशी भांडण

"डोळे फुटले की काय तुमचे?"

रोसाल्बा तरातरा जाऊन टॅक्सीच्या काचेवर ओरडली आणि तिनं जीभच चावली. चालकाच्या जागी कुणी नव्हतंच! अमेरिकेतल्या फिनिक्समध्ये अशा बिनचालकाच्या टॅक्स्या रोजच दिसतात हो. पण आपल्या उभ्या गाडीचा बंपर चेपल्यावर एवढं भान कुणाला राहतं? रस्पादोच्या, म्हणजे तिकडच्या बर्फगोळ्याच्या, दुकानाबाहेर बसलेली माणसं खो खो हसली.

थोड्या वेळानं टॅक्सी कंपनीचा माणूस आला, डॅरिल बिगे. त्यानं टॅक्सीच्या कॅमेऱ्यावरून बोट फिरवलं. बोट तपकिरी झालं.

"दुपारच्या वादळाची धूळ. हिला दिसलंच नाही काही. चूक आमचीच... माफ करा हं."

"अहो, गप्प बसा!" रोसाल्बाच घाबरली. "मी विमा कंपनीत आहे. चूक कुणाची ते ठरवणं हाच माझा धंदा. अपघाताच्या जागी माफी मागतं का कुणी? नोकरी जाईल तुमची!"

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नका. नुसते... उभे राहा."

तो उभा राहिला. नुसता — तिच्याकडे बघत. हातातला चिंचेचा रस्पादो वितळून मनगटावर ओघळला, तरी तिला पत्ता नव्हता.

बंपरच्या निमित्तानं फोन सुरू झाले. बंपर दुरुस्त झाला, फोन काही थांबेनात. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, कळलंही नाही.

तेवढ्यात माशी शिंकली. टॅक्सी कंपनीच्या वकिलानं कळवलं, रोसाल्बाचीच गाडी मागे घसरली! धुळीपायी चित्रणात धड काही दिसत नव्हतं. इकडे तिच्या ऑफिसात बिनचालकाच्या गाड्यांसाठी नवा विभाग निघत होता आणि त्याची प्रमुख होण्यासाठी तिनं जिवाचं रान केलं होतं. स्वतःच अशा गाडीला धडकलेली बाई तिथं कोण नेमणार?

'तुमच्याच माणसानं माफी मागितली,' एवढं म्हटलं की ती जिंकत होती. पण मग डॅरिल घरी बसणार होता.

प्रकरण लवादापुढं गेलं. तिथल्या बाईंनी नेमकं तेच विचारलं, "त्या वेळी कुणी काही कबूल केलं होतं?"

समोर, कंपनीच्या बाजूला, डॅरिल बसला होता. रोसाल्बानं त्याच्याकडे पाहिलं.

"मला... मला काही सांगायचं नाही."

"मला सांगायचंय," डॅरिल उठला. वकिलानं बाही ओढली, ती त्यानं सोडवून घेतली. "कॅमेरा धुळीनं आंधळा झाला होता. मी पाहिलं, माफीही मागितली. चूक सगळी आमची."

रोसाल्बा साफ सुटली! संध्याकाळपर्यंत नवा विभागही तिला मिळाला. ती धावतच डॅरिलच्या डेपोवर गेली. तो फाटकातच भेटला.

"वेड्या, कशाला बोललास?"

"तू गप्प बसलीस म्हणून."

"मी गप्प बसले कारण... कारण तू मला हवा आहेस! कळलं? नोकरी गेली ना?"

"काढायलाच निघाले होते. पण निकालात बाईंनी माझं नाव घेऊन शाबासकी दिलीय. आता काढलं तर गावभर छी-थू होईल. उलट सगळ्या गाड्यांचे कॅमेरे तपासायचं काम माझ्याच गळ्यात मारलंय." तो जवळ आला. "आणि... मलाही तूच हवी आहेस, रोसाल्बा."

तिनं त्याच्या गळ्यात हात टाकले. आत जाणारी एक रिकामी टॅक्सी, वाट अडलेली पाहून, फाटकाशी मुकाट उभी राहिली.

"अगं, ती आपल्यासाठी थांबलीय..."

"थांबू दे! तिची कुठं घरी पोरंबाळं वाट बघतायत?"