भिंतीपलीकडचा गवंडी

हे घडलेलं आहे. पटत नसेल तर इथेच थांबा, पण माझ्या दाजींना थापाड्या म्हणू नका. माझ्या बहिणीचा नवरा तो. पक्का गवंडी माणूस, भुताखेतांची टिंगल करणारा.

भूकंपात त्यांचं घर बसलं. दाजींचा धाकटा भाऊ भिंतीखाली गेला. तोही गवंडीच.

पुढे दाजी भूकंपात टिकणारी घरं बांधायला शिकले आणि इतर गवंड्यांनाही शिकवू लागले. स्वतःचं घर मात्र रखडलं. ताईने ठणकावून सांगितलं होतं, "भिंतीची खात्री द्या, तरच मी आत पाऊल टाकीन." तोवर पत्र्याची शेड. त्यांची मुलगी ठमी जन्मली तीही तिथेच.

दगडी भिंत दोन पदरी असते. एक गवंडी आत, एक बाहेर. मधेमधे आरपार जाणारा लांब दगड घालायचा, म्हणजे दोन्ही पदर एकमेकांना धरून राहतात. बाहेरच्याने हातोडीने दोनदा ठोकलं, की दगड दे. आतल्याने दोनदा ठोकलं, की घे, सोडतोय. ही खूण दोघा भावांचीच. बाकी कुणी असं करत नव्हतं.

बुधवारची भर दुपार. नव्या घराची मागची भिंत डोक्याच्या वर गेलेली. शिकाऊ गवंडी जेवायला गेले होते. दाजी एकटेच आत, बुटक्या परांचीवर; भिंतीपलीकडचं दिसत नव्हतं.

टक... टक...

बाहेरून.

कुणीतरी लवकर परतलं असेल, असं त्यांना वाटलं. सवयीने त्यांनीही दोनदा ठोकलं आणि लांब दगड पुढे सरकवला. पलीकडून तो कुणीतरी अलगद घेतला. नीट बसवला. दाजी खूश. त्यांनी शाबासकीही दिली.



पुन्हा टक... टक... भिंत पुरी होईपर्यंत हेच चाललं.

मग समोरच्या दारातून सगळे शिकाऊ एकदमच आत आले. हात पुसत. बाहेर कोण होतं, दाजींनी विचारलं. आम्ही तर सगळे जेवत होतो, ते म्हणाले. बाहेरची परांची तर सकाळीच सोडून दुसऱ्या भिंतीला लावली होती.

तिथे उभं राहायला काही नव्हतंच...

 दाजींनी एकेक दगड ठोकून पाहिला. एकही ढिला नव्हता. ताईला त्यांनी एवढंच सांगितलं, की भिंत पक्की आहे. आणि ते काही खोटं नव्हतं.

घर पुरं झालं आणि मायलेकी राहायला आल्या. पहिलीच संध्याकाळ. ताई भांडी लावत होती. ठमी मागच्या भिंतीला टेकून बसली होती.

टक... टक...

दाजी ताडकन उठले. सगळे दगड जागच्या जागी होते. मग आता हा काय मागतोय?

ते पोचायच्या आत ठमीने इवलीशी मूठ वळली आणि भिंतीवर ठोकलं.

दोनदा.

ती कधी कामावर आली नव्हती. तिला ती खूण कुणी शिकवली नव्हती. दाजींनी तिला खसकन उचललं आणि थेट बाहेर नेलं. पोर चिडून रडायला लागली.

"काका घेत होता ना मला..."

काकाला तिने कधी पाहिलेलंच नाही.

आज ते घर बघायला लांबून गवंडी येतात. इतकं भक्कम घर दुसरं नाही म्हणतात. दाजी सगळं समजावून सांगतात, भिंतीवर थापा मारून दाखवतात.

आणि अंधार पडायच्या आत तिघंही पत्र्याच्या शेडमध्ये जातात. मी गेलो की मीही तिथेच झोपतो.