बाल्दोमेरोच्या टॅक्सीची स्प्रिंग

सान्तियागोच्या उतारावर बाल्दोमेरोची जुनी टॅक्सी बेकरीच्या भिंतीत घुसली. पुढची स्प्रिंग मोडून दोन तुकडे झाले होते. आत बसलेल्या बाईचा हात मोडला होता.

“गॅरेजवाल्या निउर्कानं सडकी स्प्रिंग घातली,” बाल्दोमेरो भर रस्त्यात सगळ्यांना सांगत सुटला.

ऑगस्टमध्ये निउर्कानं त्याला स्प्रिंग बसवून दिली होती, एका भंगारातल्या रशियन गाडीची, ठोकून-वाजवून पारखलेली. तिच्या गॅरेजला कायमचं सील ठोकायला पोलिसांचे लेफ्टनंट फुएन्तेस बाल्दोमेरोला घेऊन आले, तेव्हा दारात तिची सोळा वर्षांची मुलगी यानेलिस वाट अडवून उभी होती.

“आधी तुकडे दाखवा. मग ठोका.”

लेफ्टनंट हसले, पण तुकडे दिले.

मोडलेल्या तोंडाचा अर्धा भाग गुळगुळीत होता, शिंपल्यासारख्या वळ्यावळ्यांचा. उरलेला खडबडीत, चकचकीत, ताजा मोडलेला. म्हणजे तडा जुना होता. खड्ड्याखड्ड्यागणिक तसूतसूनं सरकत आज आरपार गेला, एवढंच.

“म्हणजे तुझ्या आईनं तडकलेलीच घातली,” लेफ्टनंट म्हणाले.

यानेलिस दारातून हलली नाही. तिनं तुकडा उन्हात फिरवला. बाहेरून डांबराचा काळा लेप. आणि तड्याच्या तोंडाशी, आत मुरलेला, टॅक्सीचाच आकाशी निळा रंग.

“बाल्दोमेरोकाका, गाडी रंगवलीत कधी?”

“जूनमध्ये, तपासणीच्या आधी. स्वतः फवारली, चाकंसुद्धा न काढता. का?”

“नंतर हात फिरवला?”

“रंग मिळतोय कुठे, पोरी? थेंब नाही.”

“मग ऑगस्टमध्ये आलेल्या स्प्रिंगच्या तड्यात जूनचा रंग शिरला कसा?”

तिनं तुकडा लेफ्टनंटच्या हातात दिला.

“साहेब, ही आईची स्प्रिंग नाहीच. ही यांची जुनी. रंग फवारला तेव्हा गाडीलाच होती, तडकलेली. आईनं घातलेली चांगली स्प्रिंग यांनी काढली, ही परत चढवली आणि निळा दिसू नये म्हणून वर डांबर फासलं. तड्याच्या आतलं झाकायचं राहिलं. चांगली कुठे गेली, ते यांनाच विचारा.”

लेफ्टनंटना दोनदा विचारावं लागलं नाही. बाल्दोमेरोच्या जावयाची गाडी स्प्रिंगवाचून अडली होती. ती आता निउर्काच्या स्प्रिंगवर झोकात धावत होती.

सील लेफ्टनंटच्या खिशात गेलं. बाल्दोमेरो निउर्काच्या कानाशी लागला. पोरीला आवर, म्हणाला, घरात बसून मिटवू.

निउर्कानं हात पुसले. “बोंब रस्त्यात मारलीस ना? मग खरं काय तेही रस्त्यातच सांग. मोठ्यानं.”

यानेलिसनं गॅरेजचं दार सताड उघडलं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.