ओला ठेवायचा डोळा

दुपारी दुकानातून घरी जायचं, ताईच्या डोळ्यात थेंब टाकायचे आणि परत पंक्चर काढायला बसायचं. माझं काम एवढंच.

ताईच्या नाकामागे कॅन्सरची गाठ होती. रेडिएशनचे शेक देऊन गाठ गेली, पण पापण्यांचे केस झडले आणि डोळे कोरडे पडले. डावा तर पांढरा होऊन गेलाच. उजव्याबद्दल डॉक्टर म्हणाले, "हा ओला ठेवा. वाळला तर हाही जाईल." औषधांनी तिची बोटं बधिर झालेली. तिला बाटली धरवत नसे, म्हणून मी.

आणि मला त्या डोळ्याकडे बघवत नव्हतं. सांगायला लाज वाटते. जिने मला अंगाखांद्यावर खेळवलं, तिच्या लालभडक डोळ्याची मला किळस यायची. मी मान वळवून थेंब टाकायचो. ते गालावर पडायचे.

"गाल अगदी तुकतुकीत झाला रे," ती हसायची. "डोळ्यालाही थोडं ठेव."

परवा मी मुद्दामच दुकानात रेंगाळलो. घरी पोचलो तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं. बाहेरून लावलेली कडी तशीच होती. आत मात्र दवाखान्यातल्या स्पिरिटसारखा वास. ताई खुर्चीत बसलेली, डोळा ओलाचिंब.

"परत कशाला आलास?"

"परत...?"

"आत्ताच टाकलेस ना थेंब? धुरकट दिसतं मला, पण आज तोंड माझ्याकडेच होतं तुझं. एक थेंब वाया गेला नाही. बोटं तेवढी गार होती..."

घाबरायला हवं होतं. मला आधी लाजच वाटली. जे कोण होतं, त्याने तिच्याकडे बघितलं होतं.

दिवेलागणीला पुन्हा थेंबांची वेळ झाली. मी तिच्यासमोर बसलो. मान वळवली नाही. सुजलेली कड, लाल शिरा, सगळं बघितलं. मग पापणी ओढायला हात पुढे केला, आणि तो तसाच राहिला.

पापणी आधीच खाली ओढली जात होती. तिच्या कातडीत बोटाच्या टोकाएवढा खळगा पडला होता.

"टाक ना," ताई म्हणाली.

मी टाकला. थेंब बरोबर आत पडला. खळगा सावकाश भरून आला.

"शहाणा माझा," ती म्हणाली. मग डोळा बारीक करून तिने माझ्या बाजूला बघितलं. "आणि हे कोण रे तुझ्याशेजारी? बसायला तरी सांग... कधीचे उभे आहेत."